अस्थिभंग आणि नत्राचा ऱ्हास : आघातोत्तर चयापचयाच्या विचाराचा इतिहास

उपाशी माणसाचे शरीर काटकसर करते, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभी निर्विवाद झाली होती. म्यूनिक येथे फॉइट व पेटेनकोफर यांनी १८६० नंतरच्या दशकात या शास्त्राचा पाया घातला. त्यावर बॉस्टनच्या बेनेडिक्टने १९१२ साली स्वेच्छेने उपोषण करणाऱ्या एका माणसाचा एकतीस दिवस अभ्यास केला. पहिले काही दिवस लोटल्यावर मूत्रावाटे जाणारे नत्र हळूहळू घटत जाते, असे त्यात दिसले. मूत्रातील नत्र हे विघटित प्रथिनांचे माप होय. एक ग्रॅम नत्र म्हणजे सुमारे ६.२५ ग्रॅम प्रथिन, आणि ओल्या स्नायूच्या हिशेबाने अदमासे तीस ग्रॅम मांस. सारांश, अन्न मिळेनासे झाले की शरीर मेद खर्ची घालते आणि मांस राखते.

हा नियम जखमी माणसास लागू पडत नाही, हे लक्षात आले ते एका निराळ्याच प्रश्नाच्या निमित्ताने. पायाची नळी मोडलेल्या काही रुग्णांत हाड सांधण्यास इतका विलंब का लागतो, हा प्रश्न ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत डेव्हिड कथबर्टसन या तरुण जीवरसायनज्ञापुढे आला. शोध घ्यावयाचा होता चुन्याचा व स्फुरदाचा. हाती लागले ते मात्र नत्र. रुग्ण पुरेसे जेवत असूनही त्याच्या मूत्रातून नत्र, गंधक, स्फुरद व पोटॅशियम ही द्रव्ये आहारातून मिळत त्याहून अधिक प्रमाणात बाहेर पडत होती, आणि हा ऱ्हास पहिल्या आठवड्यात कळसास पोहोचत होता. अंथरुणास खिळून राहिल्याचा हा परिणाम असेल काय? कथबर्टसनने निरोगी माणसांना निजवून ठेवून तेही पाहिले. ऱ्हास झाला, पण अल्प. हाड न मोडता झालेल्या इजांतही तोच प्रकार आढळला. नत्र व गंधक यांचे परस्परप्रमाण स्नायूकडे बोट दाखवीत होते, आणि एकट्या जखमी अवयवातून एवढे द्रव्य निघणे शक्य नव्हते. १९३० व १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांचे मर्म हेच की, पाय मोडला तरी झीज सर्वांगाची होते.

पुढे १९४२ साली त्याने या प्रतिक्रियेचे दोन टप्पे सांगितले: आघातानंतरच्या पहिल्या एकदोन दिवसांची ओहोटी, जिच्यात चयापचय मंदावतो, आणि नंतरची भरती, जिच्यात उष्णता, प्राणवायूचा खप व प्रथिनांचे विघटन ही सारी वाढतात.

ज्वराच्या बाबतीत असाच प्रश्न आधीच उभा राहिला होता. ज्वरात अन्न तोडण्याची रूढी युरोपात जुनी होती. डब्लिनच्या ग्रेव्हजने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तिला विरोध केला. (आयुर्वेदातील लंघन हे ज्वराच्या आरंभापुरते असून पुढे पेयेपासून क्रमाने आहार वाढवावयाचा असतो, हे येथे ध्यानात घ्यावे.) न्यूयॉर्क येथे कोलमन व ड्यू बॉय यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विषमज्वराच्या रुग्णांना भरपूर उष्मांकांचा आहार देऊन त्यांची झीज बरीच आटोक्यात आणली.

मग जखमी माणसालाही भरपूर खाऊ घातले तर? कथबर्टसनने १९३६ साली त्याचे उत्तर दिले होते. प्रथिनयुक्त भारी आहाराने ऱ्हास कमी होतो, परंतु त्याच्या कळसाच्या काळात तो पूर्णपणे थांबत नाही. पुढील पिढीने या निष्कर्षाचा पूर्वार्ध तेवढा उचलला. त्यास कारणही होते: फिलाडेल्फियात डड्रिक व त्याच्या सहकाऱ्यांनी केवळ शिरेवाटे पोषण देऊन कुत्र्याची पिले वाढवून दाखविली (१९६८), आणि बॉस्टनमध्ये बिस्ट्रियन व ब्लॅकबर्न यांना शस्त्रक्रिया विभागातील सुमारे निम्मे रुग्ण कुपोषित आढळले (१९७४). अशा वेळी तूट दिसली की ती भरून काढावी, असे वाटणे स्वाभाविकच होते. पण अतिपोषणाने रक्तशर्करा व यकृतातील मेद वाढू लागला. २०११ साली बेल्जियममधील ४,६४० अत्यवस्थ रुग्णांच्या चाचणीत शिरेवाटे पूरक पोषण आठवडाभर लांबविलेले रुग्ण लवकर सुधारले. नत्राची प्रत्येक तूट म्हणजे भरावयाचा खड्डा नव्हे, हे कळण्यास पाऊणशे वर्षे लागली.

स्थूल माणसाच्या बाबतीत तर गैरसमज आणखी टिकला. मेदाचा एवढा साठा असताना त्याला पोषणाची चिंता कशाची, हा विचार उपवासाच्या जुन्या नियमातून आलेला. १९९१ साली जीवानंदम व सहकाऱ्यांनी गंभीर अपघातांतील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्थूल रुग्ण सडपातळ रुग्णांहून मेद कमी आणि प्रथिने अधिक खर्ची घालताना दिसले. साठा भरलेला, पण आघाताच्या काळात त्याची कवाडे नीट उघडत नाहीत. अशा रुग्णाचे मांस झडत असते आणि वजनाचा काटा ते दाखवीत नाही.