गवयाचा दिवस

मंडळी, गवई म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? भरलेली मैफल, मागे दोन तंबोरे, आणि सम गाठताच लोकांच्या तोंडून निघालेली 'वाहवा'. पण मैफल असते दोन-तीन तासांची. दिवसाचे बाकीचे तास हा माणूस काय करतो, हे आपण सहसा विचारीत नाही. मी इतिहासाचा मास्तर, गाण्याचा नव्हे. लढाई समजून घ्यायची तर आधी रसद कोठून येत होती ते पाहा, असे मी वर्गात नेहमी सांगतो. गाण्याचेही तसेच आहे. आज त्या रसदीविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

हा विषय मनात घोळतो त्याला एक जुने कारण आहे. सातवीत असताना माझा आवाज फुटला. तोवर मी शाळेच्या प्रार्थनेला पुढे उभा राहून गात असे. एके दिवशी गुरुजी म्हणाले, "तुझा आवाज गेला रे. तू आता मागे उभा राहा." मी मागे गेलो तो कायमचाच. गुरुजींना दोष देत नाही. गाणे म्हणजे आवाज आणि आवाज म्हणजे देवाची देणगी, ही त्यांचीच काय, सगळ्या गावाची समजूत होती. देणगी संपली की खेळ आटोपला! पुढे आपल्याकडच्या गवयांची चरित्रे वाचू लागलो, आणि ध्यानात आले की ही समजूत खरी नाही.

पहिले उदाहरण भास्करबुवा बखल्यांचे. यांचा जन्म १८६९ चा. पोरवयात ते किर्लोस्कर नाटक मंडळीत होते. गोड गळ्याचा मुलगा म्हणून त्यांचे कौतुक होत होते. मग आवाज फुटला आणि कौतुक संपले. बुवा तेथे थांबले नाहीत. बडोद्यास फैजमहंमद खाँसाहेबांकडे, मग आग्रा घराण्याच्या नत्थन खाँसाहेबांकडे, आणि पुढे अल्लादिया खाँसाहेबांकडे, अशी त्यांनी वर्षानुवर्षे तालीम घेतली. १९११ साली पुण्यात त्यांनी गायन समाज काढला, तोच पुढे भारत गायन समाज झाला. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली त्यांच्याच. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे शागीर्द. ज्याचा गळा एकदा निकामी ठरला होता, त्याने पुढे सगळ्या महाराष्ट्राचे कान घडवले.

आता, उस्तादाच्या घरी राहायचे म्हणजे काय करायचे? पाणी भरायचे, निरोप पोचवायचे, पडेल ते काम करायचे. प्रत्यक्ष शिकवणी कधी होईल याचा नेम नसे. पण खाँसाहेब स्वतः मेहनतीला बसले की ती कानांवर पडत असे. हंडा उचलताना, केर काढताना तोच राग, तीच जागा शंभर वेळा ऐकू येई. असे ऐकणे हीच शिकवणीची पहिली इयत्ता होती. या पद्धतीत हाल होते आणि लहरीपणाही होता, हे लपवण्यात अर्थ नाही. कितीतरी मुले कंटाळून घरी परतली असतील. पण जी टिकली, त्यांच्या अंगी ऐकण्याची सवय मुरली.

दुसरी सवय खर्जाची. पहाटे उठून खालच्या सप्तकात एकेक स्वर धरून ठेवायचा. दम पुरेल तोवर तो हलू द्यायचा नाही, मग दुसरा घ्यायचा. बाहेरून पाहणाऱ्याला हे फार कंटाळवाणे वाटते. त्यात ना ताल, ना शब्द, ना टाळी. पण जमीन नांगरताना तरी कोठे पीक दिसते? नांगरट नीट झाली की पेरलेले वर येते. स्वर इतका हुकमी झाला की त्याच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही, आणि मग गवयाचे मन नवे सुचण्यास मोकळे होते.

तिसरी सवय तंबोऱ्याची. तंबोरा नुसता लावायचा नसतो, तो बोलता करायचा असतो. घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक धागा असतो. तो केसभर इकडेतिकडे सरकवला की जवारी उघडते आणि एका तारेतून अनेक स्वर झंकारू लागतात. आपल्या मिरजेत हे तंबोरे पिढ्यान्‌पिढ्या बनत आले आहेत. त्याच मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब तंबोरा सुरात लावण्याविषयी फार काटेकोर असत. १९३७ साली दक्षिणेत पाँडेचरीकडे जाताना त्यांना गाडीत बरे वाटेना. ते सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घालून त्यांनी तंबोरा जुळवला, दरबारी रागात देवाची आळवणी केली आणि तेथेच डोळे मिटले. तेथे मैफल नव्हती, बिदागी नव्हती. आयुष्यभर रोज जे केले, तेच अखेरच्या घटकेला हातून घडले.

पण सवयीची खरी कसोटी लागते ती संकटात. अल्लादिया खाँसाहेबांची हकीकत ऐका. यांचा जन्म १८५५ चा. चुलते जहांगीर खाँ यांच्याकडे त्यांनी अनेक वर्षे कष्टाने विद्या मिळवली. गळा तयार, नाव होऊ लागलेले. अशात एका संस्थानिकाच्या आग्रहाने त्यांना पुष्कळ दिवस सतत गावे लागले, आणि आवाज बसला. पुढे पुष्कळ काळाने तो परत आला, पण पहिल्यासारखा कधीच झाला नाही. गवयाचा आवाज जाणे म्हणजे शेतकऱ्याची जमीन वाहून जाण्यासारखेच.

खाँसाहेबांनी काय केले? नशिबाला बोल लावीत ते बसून राहिले नाहीत. रोजची मेहनत चालूच ठेवली. मात्र जो आवाज उरला होता त्याला काय पेलते, हे पाहून. लयीची बारीक विभागणी करून ताना आणि आलाप तालाच्या मात्रामात्रांतून विणण्याची त्यांची ढब अशी सिद्ध झाली. दोन रागांच्या जोडातून झालेले आणि क्वचितच ऐकू येणारे राग त्यांनी गाजवले. हीच जयपूर-अत्रौली गायकी. १८९५ च्या सुमारास शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापुरास आश्रय दिला, आणि ही विद्या आपल्या मातीत रुजली. गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याच शिष्या. आवाज शाबूत राहता तर खाँसाहेब कसे गाते, ते कोण सांगणार? पण एक गोष्ट स्पष्ट आहे. मोडलेल्या गळ्याने रोज बसण्याची सवय त्यांनी सोडली असती, तर ही गायकी आपल्यापर्यंत आली नसती.

कोणी म्हणेल, हे उस्तादांचे झाले. ज्याला घर आहे, मुले आहेत, पोटाची चिंता आहे, त्याने काय करावे? त्याला उत्तर गंगूबाई हनगल यांचे. लहानपणी धारवाडात रस्त्यावर ग्रामोफोन वाजू लागला की ही मुलगी ऐकायला धावत सुटे. पुढे संसार आणि मुलेबाळे सांभाळून त्या हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात आणि रात्री परतत. गुरू थोडेच सांगत, पण तेवढेच पुनःपुन्हा घोटून घेत. त्याच घरी कोवळ्या वयाचे भीमसेन जोशीही पाणी भरून विद्या मिळवीत होते. पुढे घशाच्या दुखण्यावर इलाज झाला आणि गंगूबाईंचा बारीक, उंच आवाज भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. त्यांनी तोच आवाज आपला मानला आणि त्यालाच साजेसे, सावकाश, भरीव गाणे उभे केले. नव्वदी ओलांडल्यावरही त्या गात होत्या. २००९ साली त्या गेल्या. आज तो खर्जातला स्वर हीच त्यांची ओळख आहे.

मंडळी, रोज उठून मेहनत करणारा प्रत्येक जण अल्लादिया खाँ होतो, असे मी म्हणणार नाही. तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण नवे सुचायचे असेल तर ते आकाशातून पडत नाही, एवढे मात्र इतिहास सांगतो. ऐकणे, खालचा स्वर धरणे, आपले वाद्य स्वतः जुळवणे, आणि बिघडले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणे, या साध्या सवयींच्या पोटी ते जन्माला येते.

म्हणून माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. तुमच्या शाळेतही कोणातरी मुलाचा आवाज यंदा फुटेल. त्याला मागे उभे करू नका. त्याला ताण देऊ नका, उंच ओरडायला लावू नका. वर्ष-दोन वर्षे खालच्या पट्टीत, हलक्या गळ्याने गाऊ द्या. गावच्या भजनात टाळ धरून बसू द्या, पुष्कळ ऐकू द्या. आणि त्याला सांगा, "आवाज गेला नाही रे, बदलतो आहे." मला सातवीत एवढे एकच वाक्य कोणी म्हटले असते, तर मी गवई झालो असतो असे नाही; पण गाणे सोडले नसते.