गिरणीचा फंड, कचेरीची पेन्शन

१८१८ साली दुसरा बाजीराव शरण आला, तेव्हा इंग्रजांनी त्याला वर्षाला ८ लाख रुपयांची पेन्शन लावून बिठूरला धाडले. १८५१ मध्ये तो वारल्यावर दत्तकपुत्र नानासाहेबांना कंपनीने ती नाकारली. देणाऱ्याची मर्जी फिरली की पेन्शन बंद.

१८७१च्या पेन्शन कायद्यातही हीच मर्जी दिसते. संस्थानिकांचे तनखे आणि कारकुनाची पेन्शन त्याने एकाच छत्राखाली आणली आणि त्याविषयी दिवाणी कोर्टाची वाट जवळजवळ बंद केली. एक कलम मात्र मोलाचे होते: कर्जापोटी सावकाराला पेन्शनीवर जप्ती आणता येणार नाही. ते आजही लागू आहे.

मग सरकार पेन्शन देई तरी कशाला? त्याला माणूस उभ्या आयुष्यासाठी बांधून ठेवायचा होता. बडतर्फ झालात तर पेन्शन गेली, या धाकाने तो सचोटीने वागेल, असा हिशेब. शिवाय सरकारचे दिवाळे निघत नाही. त्या-त्या वर्षीच्या महसुलातून पैसे द्यायचे, वेगळी गंगाजळी नको.

गिरणीत यातले काहीच नव्हते. बदली कामगार सकाळी गेटवर उभा राही आणि काम मिळेल त्या दिवसाचीच मजुरी घरी नेई. थकला की कोकणात नाही तर घाटावर गावी परत. मालक वीस वर्षांनी असेल की नाही, कोण सांगणार? म्हणून १९५२च्या कायद्याने कामगाराला पेन्शन न देता प्रॉव्हिडंट फंड दिला. मालक आणि कामगार दोघांनी पैसे भरायचे, शेवटी कामगाराने एकरकमी घ्यायचे.

१९८२ साली ही दरी उघडी पडली. १८ जानेवारीला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कित्येकांना पुन्हा काम मिळालेच नाही. त्याच वर्षी १७ डिसेंबरला, सरकारी निवृत्तांच्या पेन्शनीविषयीच्या नकारा खटल्यात, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेच्या बळावर मिळालेला हक्क असल्याचे सांगितले. हक्क मिळाला तो कचेरीला. घाम तर गिरणीतही गळला होता.

खासगी कामगाराला स्वतःची पेन्शन मिळायला १६ नोव्हेंबर १९९५ उजाडावा लागला. सूत्र असे: पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. प्रत्यक्ष पगार कितीही असो, हिशेबात सर्वसाधारणपणे १५ हजारांपर्यंतच धरतात. त्या १५ हजारांवर दहा वर्षे नोकरी झालेल्याच्या हाती महिन्याला सुमारे २,१४३ रुपये पडतात, त्यावर महागाई भत्ता नाही.

पुढे सरकारनेही हात आखडता घेतला. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून, महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या भरतीची जुनी पेन्शन बंद केली. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले कर्मचारी संपावर गेले. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने २५ वर्षांच्या सेवेनंतर निम्म्या मूळ वेतनाची हमी देणारी योजना खुली केली. खासगी निवृत्तांची किमान पेन्शन मात्र २०१४ साली १,००० रुपये ठरली. ती ७,५०० करावी म्हणून बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत म्हातारी माणसे उपोषणाला बसली.