फी माफ झाली, पुढे काय?

कॉलेजचा खर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फीची पावती येते. पण ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजला निघालंय, त्या घरचा हिशेब वेगळा असतो. खानवेलच्या पलीकडच्या पाड्यावरून सिल्वासाला यायचं म्हणजे बसभाडं आलं, दुपारचं जेवण आलं, रोजची ये-जा जमत नसेल तर खोली आली. आणि सगळ्यांत मोठी रक्कम तर कुठल्याच पावतीवर नसते. ती म्हणजे तीन वर्षं मुलाने घरी न आणलेली मजुरी.

आमच्या सिल्वासात हा हिशेब इतका अवघड का झाला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. 1944 साली डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या प्रयत्नांतून अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतर ती आदिवासी मुलांनाही मिळू लागली. नगर हवेली तेव्हा पोर्तुगिजांकडे होती. म्हणजे हद्दीच्या अलीकडच्या वारली मुलासाठी सरकारदरबारी निदान एक कागद होता, पलीकडच्या त्याच्या भाऊबंदांसाठी तोही नव्हता. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा मुक्त झालं. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण रीतसर विलीनीकरणाला 11 ऑगस्ट 1961 उजाडला.

त्यानंतर इथे आधी आला तो कारखाना. 1965 मध्ये पिपरियाला सहकारी औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे मसाट, खडोली. करसवलतींमुळे कंपन्यांची रीघ लागली. कॉलेजं मात्र कितीतरी उशिरा आली. वारली, धोडिया, कोकणा घरातल्या अठरा वर्षांच्या पोरापुढे आधी उघडलं ते कंपनीचं गेट. कारखान्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्या पगारावर इथली किती घरं उभी राहिली! पण बारावी झालेल्या मुलाला शिफ्ट समोर दिसते, पगाराची तारीख ठरलेली असते. पदवीचं फळ कधी मिळणार, हे सांगू शकेल असं घरात कुणी नसतं, कारण त्या वाटेने आधी कुणी गेलेलंच नसतं.

हे कोडं आपल्याकडे एका माणसाने फार आधी ओळखलं होतं. कुंभोजच्या जैन घरात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. लक्षात घ्या, ते सोनं फीसाठी गेलं नाही, धान्यासाठी गेलं. दानाच्या चार प्रकारांत आम्ही आहारदान आणि शास्त्रदान वेगवेगळं मोजतो; त्या वसतिगृहात दोन्ही एकाच ताटात वाढलं गेलं. पुढे 1947 मध्ये साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हीच त्याची रीत ठरली. तिथे काम शिक्षणाच्या वेळा सांभाळून असायचं. इथे शिक्षणाला शिफ्टच्या वेळा सांभाळाव्या लागतात, आणि मग ‘आधी कमवा, शिकायचं नंतर बघू’ असं होऊन बसतं.

म्हणून मला वाटतं, नुसती फी माफ करून भागणार नाही. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितलंय. त्यातून वह्या वाटल्या जातात, दप्तरं वाटली जातात, फोटो निघतात. त्याऐवजी सिल्वासात एक मेस चालवा, खानवेलच्या मुलींसाठी वसतिगृह बांधा, आणि कॉलेजच्या मुलांना चार तासांचं, पगारी, दिवसाचं काम द्या. मुलगी शिकते आहे आणि महिन्याला थोडेफार पैसेही घरी येतायत, हे एकदा दिसलं की तिच्या आईला पटवायला कुणाच्या भाषणाची गरज लागत नाही.