पदवी आहे, सनद नाही

कॉर्नेलिया सोराबजीने ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा दिली १८९२ साली आणि पदवी तिच्या हाती आली १९२२ साली. मधली तीस वर्षं ती काही एटीकेटी सोडवत बसली नव्हती. ती पास झाली होती. पण तेव्हाचं ऑक्सफर्ड बायकांना शिकवायचं, त्यांचे पेपर तपासायचं, निकालही लावायचं. पदवी मात्र द्यायचं नाही. हा नियम बदलायला १९२० साल उजाडलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. लॉगिनवर काम करताना आम्हाला दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवाव्या लागतात: ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन. तुम्ही कोण आहात हे सिद्ध होणं वेगळं, आणि आत आल्यावर तुम्हाला काय करू द्यायचं हे ठरवणं वेगळं. पासवर्ड बरोबर असूनही ‘ॲक्सेस डिनाइड’ येऊ शकतं. कॉर्नेलियाने कायद्याचा पासवर्ड तीनदा बरोबर टाकला.

तिचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. त्याच वर्षी महादेव गोविंद रानडे एलएलबी झाले. १८७९ मध्ये टिळक झाले. त्या काळात कायद्याची पदवी म्हणजे हुशार मुलासाठी सार्वजनिक आयुष्याचं दारच होतं. रानडे न्यायमूर्ती झाले, टिळकांनी वकिली केलीच नाही, पण दोघांनाही निवड तरी होती. कॉर्नेलियाचे वडील पारशी घरात जन्मून ख्रिस्ती झालेले, आईने पुण्यात शाळा काढलेली. मुलगी डेक्कन कॉलेजात गेली, अव्वल आली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर ठरली. असा नंबर काढणाऱ्याला इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळे. हिला नाकारली, कारण ती मुलगी होती. काही काळ तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवलं. म्हणजे मुलांना शिकवायला चालत होती, त्यांच्यासारखी शिष्यवृत्ती घ्यायला नाही.

शेवटी इंग्लंडमधल्या स्नेह्यांनी वर्गणी काढली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये पोहोचली.

त्याच वर्षी रखमाबाई डॉक्टर होण्यासाठी इंग्लंडला गेल्या. आनंदीबाई जोशी त्याआधीच, १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाल्या होत्या. मग वैद्यकीचं दार आधी उघडलं आणि वकिलीचं इतकं उशिरा, असं का? युक्तिवाद दोन्हीकडे एकच होता: पडद्यातल्या बायका परक्या पुरुषासमोर येणार नाहीत, त्यांना बाईच हवी. दुखण्याच्या बाबतीत हे समाजाला पटलं. इस्टेटीच्या बाबतीत पटेना. मला वाटतं, कारण सोपं आहे. डॉक्टरीणबाई माजघरात जाऊन बाईला तपासते. वकीलबाई भर कोर्टात उभी राहून एखाद्या पुरुषाच्या हातातली जमीन परत मागते.

ऑक्सफर्डमध्ये कॉर्नेलियाने आधी साहित्य घेतलं होतं, मग कायद्याकडे वळली. बेलियल कॉलेजचे बेंजामिन जॉवेट तिच्या पाठीशी उभे राहिले. बीसीएल ही तिथली कायद्याची वरची परीक्षा; तिला तोवर एकही बाई बसली नव्हती. परीक्षकच बाईचा पेपर घ्यायला तयार होईनात. विद्यापीठाला तिच्यासाठी खास ठराव करावा लागला. तेव्हा कुठे ती मुलांच्या बरोबरीने परीक्षेच्या हॉलमध्ये बसली. तिसरा वर्ग मिळाला. परीक्षेच्या तोंडावर आपल्याला बसू देणार की नाही याचीच धाकधूक असेल, तर कोणाचा पहिला वर्ग येईल?

भारतात परतल्यावर तिने मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली, १८९७ मध्ये. सनद नाही. मग अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली, १८९९ मध्ये. तीही पास. तरी सनद नाही.

गंमत म्हणजे त्याआधीच ती कोर्टात उभी राहिली होती. १८९६ मध्ये पुण्याच्या सेशन्स कोर्टात खुनाच्या खटल्यात तिने आरोपीची बाजू मांडली. ते कसं जमलं? फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या वकिलाच्या व्याख्येला एक शेपूट होतं: कोर्टाच्या परवानगीने नेमलेली दुसरी कोणतीही व्यक्ती. कॉर्नेलिया त्या शेपटातून आत शिरली. आमच्या भाषेत ही ‘एज केस’. पण एका खटल्यापुरती परवानगी म्हणजे व्यवसाय नव्हे.

मग तिने स्वतःसाठी वेगळीच जागा मागून घेतली. जमीनदार अज्ञान असला किंवा मालकी विधवेकडे आली, की तिची इस्टेट सरकारचं कोर्ट ऑफ वॉर्ड्स सांभाळे. अशा पडदानशीन बायकांशी बोलायला सरकारची स्वतःची कायदा जाणणारी बाई हवी, हे ती लिहून, भेटून सांगत राहिली. १९०४ मध्ये बंगालमध्ये ते पद निर्माण झालं आणि तिलाच मिळालं. पुढची अठराएक वर्षं ती रेल्वेने, पालखीने, कधी हत्तीवरून जमीनदारांच्या हवेल्यांत जात राहिली. पोटगी, दत्तकविधान, मुलांचं शिक्षण, कारभाऱ्यांनी दाबलेले पैसे. सहाशेहून जास्त बायका-मुलांना तिची मदत झाली, असं सांगतात.

हा भाग मी दोनदा वाचला. सध्या मी नोकरी सांभाळून तीन वर्षांची एलएलबी करते आहे. सकाळी कॉलेज, नंतर स्टँडअप कॉल. पूर्ण वेळ पगारी नोकरीत असणाऱ्याला बार कौन्सिलच्या नियमाने वकिली करता येत नाही. आधी राजीनामा, मग सनद, शिवाय ऑल इंडिया बारची परीक्षा. त्यामुळे “मग पदवी घेऊन करणार काय?” हा प्रश्न घरी आणि ऑफिसात ठरलेला. मला नियम कळतो. फरक एवढाच, की माझ्यापुढचं दार माझ्या राजीनाम्याने उघडतं. कॉर्नेलियाने काहीही सोडलं असतं तरी तिचं उघडलं नसतं.

ते उघडलं ते हरलेल्या खटल्यांमुळे, असं माझं मत. १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतलेल्या रेजिना गुहा यांनी वकील म्हणून नोंदणीचा अर्ज केला. १८७९ च्या कायद्यात बायकांना बंदी असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. उलट, कायद्यात पुल्लिंगी शब्द असेल तर त्यात स्त्रीही धरावी, संदर्भ आड येत नसेल तर, असा सर्वसाधारण नियम होता. हायकोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी ठरवलं, संदर्भ आड येतो. बायका आजवर वकील नव्हत्या, म्हणून कायदा करणाऱ्यांच्या मनात त्या नसणार! या पाचांत आशुतोष मुखर्जी होते. काहीच वर्षांपूर्वी ते त्याच कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९२१ मध्ये पाटणा हायकोर्टात सुधांशुबाला हाजरा यांचा अर्जही असाच गेला.

त्याच वर्षी अलाहाबाद हायकोर्टाने मात्र कॉर्नेलियाचं नाव नोंदवून घेतलं. म्हणजे एकाच देशात, एकाच राजवटीत, गंगेच्या काठाने वर-खाली गेलं की उत्तर बदलत होतं. अखेर १९२३ मध्ये कायदा झाला: केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही वकिलीला अपात्र धरता येणार नाही. एवढ्या एका वाक्यासाठी इतका खटाटोप.

कॉर्नेलिया ही काही आवडून घ्यायला सोपी व्यक्ती नाही. ती ब्रिटिश राज्याच्या बाजूची होती, गांधींच्या चळवळीची विरोधक होती, कॅथरीन मेयोच्या ‘मदर इंडिया’चं तिने समर्थन केलं. आपल्याकडे तिचं नाव फार घेतलं जात नाही, त्यामागे हे असावं. मलाही तिची राजकीय मतं वाचताना चिडचिड होते. पण सनद मागायला मतं तपासून घ्यावी लागत नाहीत.

१९२३ मध्येच मिठन टाटा लंडनहून बॅरिस्टर होऊन आल्या आणि मुंबई हायकोर्टात वकिली करू लागल्या. कॉर्नेलिया १९२४ मध्ये कलकत्ता हायकोर्टात दाखल झाली तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती. तिथे तिच्याकडे काम आलं ते मुख्यतः लेखी अभिप्राय तयार करण्याचं. ते कागद घेऊन कोर्टात बोलायला उभे राहत पुरुष वकीलच. १९२९ मध्ये तिने काम थांबवलं आणि ती लंडनला राहायला गेली.