शिवकालीन जलदुर्ग-उभारणीतील खर्च आणि वेळ यांचा हिशेब

मांडवा-थळ किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटावर ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी यांनी तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईकर इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. तथापि किनाऱ्यावरून लहान होड्यांतून माणसे व सामान पोहोचत राहिले आणि जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांना माघार घ्यावी लागली. या यशाचे श्रेय सामान्यतः आरमाराच्या पराक्रमास दिले जाते. त्यामागील पुरवठ्याची व्यवस्था मात्र दुर्लक्षित राहते.

या व्यवस्थेचे स्वरूप आधीच्या कागदपत्रांतून कळते. १६७१-७२ च्या जाबित्यात दुर्गांवरील बांधकामांसाठी १,७५,००० होन नेमलेले आहेत; पैकी ५०,००० एकट्या रायगडासाठी. हा आकडा झालेला खर्च म्हणून वाचणे योग्य नव्हे. ती तरतूद होय. शिवाय विभागणी किल्लेवार रकमांची आहे, मनुष्यदिवसांची नव्हे.

वेळेचा हिशेब दप्तरात उमटतो तो काम अडल्यावर. मुरुडजवळील पद्मदुर्गाच्या मोहिमेसाठी दौलतखान व दर्यासारंग यांना प्रभावळी सुभ्यातून नेमून दिलेला ऐवज व गल्ला पोहोचला नाही, तेव्हा जानेवारी १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी सुभेदार जिवाजी विनायक यांना कडक पत्र लिहिले. समोर जंजिऱ्याचा सिद्दी असताना आरमार खोळंबणे म्हणजे शत्रूस साहाय्य, असा त्याचा रोख आहे. ब्राह्मण म्हणून गय केली जाणार नाही, हेही त्यात स्पष्ट बजावले आहे. विलंबाचा जाब येथे बेटावर राबणाऱ्यांकडे नव्हे, तर ऐवज रोखून धरणाऱ्या अधिकाऱ्याकडे मागितला गेला.