नसलेल्या मूलद्रव्याचे नाव

वस्तू नसताना तिचे नाव नांदू शकते काय? साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न परिचयाचा आहे. रसायनशास्त्राच्या इतिहासातही त्याचे एक उदाहरण आढळते, आणि ते आम्हांला विचार करण्याजोगे वाटते. ते उदाहरण म्हणजे डिडिमियम.

१८३९ साली कार्ल गुस्ताफ मोसांडर या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला सेरियमच्या संयुगांत आणखी एक मूलद्रव्य आढळले. 'दडून राहणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून त्याला लँथॅनम हे नाव मिळाले. पुढे १८४१ मध्ये मोसांडरने त्याच्यापासून आणखी एक पदार्थ वेगळा केला. लँथॅनमचे जणू जुळे भावंडच, म्हणून 'जुळे' या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव डिडिमियम ठेवले. १८६९ मध्ये मेंडेलीव्हने आपल्या आवर्त सारणीत त्याला स्थानही दिले. नाव होते, चिन्ह होते, अणुभारही होता. नव्हते ते फक्त मूलद्रव्य.

विरल मृत्तिका गटातील धातूंचा स्वभावच तसा आहे. रासायनिक क्रियांत भाग घेणारे त्यांचे बाह्य इलेक्ट्रॉन जवळजवळ सारखेच असतात, आणि त्यांच्यातील भेद मुख्यतः आतल्या कवचात लपलेला असतो. त्यामुळे त्यांना परस्परांपासून विलग करणे अतिशय कष्टाचे ठरते. १८७९ मध्ये डिडिमियममधून समेरियम निघाले. १८८५ मध्ये व्हिएन्नातील कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने त्याच्या क्षारांचे पुनःपुन्हा स्फटिकीकरण केले, तेव्हा उरलेल्याचेही दोन भाग झाले. हिरवे क्षार देणारे ते प्रासिओडिमियम, म्हणजे 'हिरवे जुळे'. गुलाबी-जांभळे क्षार देणारे ते निओडिमियम, म्हणजे 'नवे जुळे'. लँथॅनमचे जुळे म्हणून ज्याचे बारसे झाले, त्याच्याच पोटी जुळे निघाले. मोसांडरला अभिप्रेत नसलेला अर्थ त्याच्या शब्दाने चव्वेचाळीस वर्षांनी प्रकट केला.

अणुक्रमांक ६० असलेला निओडिमियम हा रुपेरी धातू हवेत लवकर काळवंडतो. त्याला 'विरल' म्हणतात खरे, पण भूकवचात तो शिशाहूनही अधिक आढळतो. विरळ आहेत त्या त्याच्या समृद्ध खाणी. लोह व बोरॉन यांच्यासह त्यापासून बनणारे प्रबळ चुंबक १९८४ मध्ये पुढे आले. आज ते विजेवर चालणाऱ्या मोटारींत आणि पवनचक्क्यांत वापरले जातात.

डिडिमियमचे चिन्ह सारणीतून गेले, परंतु शब्द मेला नाही. काचकामगार सोडियमच्या पिवळ्या झगझगाटापासून डोळे वाचवण्यासाठी जो चष्मा लावतात, त्याच्या काचेला आजही 'डिडिमियम काच' म्हणतात. त्या काचेत ही दोन्ही जुळी एकत्रच असतात.

समीक्षेतही एखाद्या संज्ञेखाली अनेक भिन्न प्रवृत्ती एकजिनसी भासत राहतात. अशी संज्ञा खोटी म्हणून टाकून देणे सोपे असते. त्याऐवजी, तिच्या आत काय काय आहे ते वेल्सबाखच्या चिकाटीने वेगळे करून पाहावे, असे आम्हांला वाटते. मोसांडरने ते नाव दिले नसते, तर पुढच्यांनी नेमके काय फोडायचे होते?