काठावरची विद्या

मराठ्यांच्या सागरी इतिहासाची मांडणी प्रामुख्याने जलदुर्ग, लढाया आणि तह यांच्या आधारे झाली आहे. ज्या लाकडी नौकांवर हा इतिहास तरला, त्या कोणी आणि कशा घडविल्या, या प्रश्नाचे उत्तर दप्तरांत क्वचितच सापडते. याचे कारण कारागिरांच्या अनास्थेत नाही, तर त्यांच्या विद्येच्या स्वरूपातच आहे. ती विद्या लिहिण्याची नव्हती, करण्याची होती.

कोकणात नौका बांधण्याचे काम बहुधा खाडीच्या काठी, घराशेजारच्या मोकळ्या जागेत, झावळ्यांच्या मांडवाखाली चाले. नकाशा काढण्याची रीत नव्हती. तळाचा कणा, म्हणजे पठाण, किती हातांचा धरावयाचा हे एकदा ठरले की रुंदी, खोली आणि नाळेचा उतार ही मापे मेस्त्री मनाशीच बांधी. आतील वाकांसाठी मुळातच वक्र वाढलेले लाकूड शोधून आणले जाई, कारण सरळ लाकूड कापून काढलेल्या वाकात रेषा तुटतात आणि लाटांच्या माऱ्यात तो तेथेच दगा देतो. वाकस, पटाशी आणि करवत एवढ्या हत्यारांवर फळ्या एकमेकींस बेमालूम बसविल्या जात. उरलेल्या फटींत कापूस वा काथ्या ठोकून वर राळ आणि तेल यांचा लेप चढे. मुलगा बापाच्या हाताखाली फळी धरावयास शिके, आणि धरता धरताच बांधावयास शिके.

या विद्येवर राज्यसत्तेची दृष्टी गेली ती सतराव्या शतकात. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडीचा प्रदेश हाती येताच शिवाजी महाराजांनी तेथील खाडीत नौकाबांधणी सुरू केली. आरंभी रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगिजाच्या देखरेखीखाली काही कारागीर तेथे कामास होते. हे आरमार उद्या आपल्यावरच उलटेल या भीतीने वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितविले, आणि १६५९ च्या सुमारास ते काम सोडून गेले. तथापि बांधणी थांबली नाही. १६६५ मध्ये महाराज स्वतः आरमार घेऊन बसरूरच्या स्वारीवर गेले. परक्या तज्ज्ञांच्या जाण्याने जे खुंटले नाही, ते स्थानिक हातांनी पुरे केले असले पाहिजे. मात्र व्हिएगसचे नाव पत्रव्यवहारात राहिले आणि त्या हातांची नावे राहिली नाहीत.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात लाकडाविषयी आलेला विचार विशेष लक्षणीय आहे. सागवान आदी लाकूड राज्याच्या अरण्यातून परवानगीने तोडावे. आंबा, फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची खरी, परंतु रयतेच्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, लोकांनी ती लेकरांप्रमाणे जोपासलेली असतात, असा त्याचा आशय. फारच जीर्ण झालेले झाड असल्यास धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे. नौकेच्या एका फळीमागे एका कुटुंबाची दोन पिढ्यांची राखण असते, याची जाण येथे राजनीतीने ठेवलेली दिसते.

मुंबईच्या गोदीचा मार्ग निराळा होता. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्याच्या देखरेखीखाली ब्रिटिश नौदलासाठी सागवानी युद्धनौका बांधल्या गेल्या. तेथे आराखडे इंग्लंडहून येत. ‘त्रिंकोमली’ या नौकेचे आराखडे घेऊन निघालेली ‘जावा’ ही युद्धनौका १८१२ मध्ये अमेरिकी नौकेशी झालेल्या लढाईत नष्ट झाली. आराखड्यांची दुसरी प्रत यावयास काळ गेला, पण प्रत आली आणि ‘त्रिंकोमली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरली. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती आजही तरंगते आहे. कागद बुडाला तर दुसरा काढता येतो. काठावरच्या मेस्त्रीची दुसरी प्रत मात्र त्याच्या शिष्याखेरीज कोठेच नसते.

याची प्रचीती अलीकडे आली. पाचव्या शतकातील जहाजाच्या अजिंठ्यातील चित्रावरून तशी नौका बांधण्याचा संकल्प २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील ‘होडी इनोव्हेशन्स’ यांनी सोडला. चित्रकाराने बाह्याकार दाखविला होता. आतली रचना दाखविण्याचे त्याला कारण नव्हते. ग्रंथांचा आधारही तोकडाच होता. भोजाच्या नावावर असलेला ‘युक्तिकल्पतरू’ समुद्रगामी नौकेत लोखंड वापरू नये असे सांगतो, पण कारण देतो ते समुद्रातील लोहचुंबकाचे. शिवलेली नौका लाटेबरोबर किंचित लवते, म्हणून ती तडकत नाही, हे कारण शिवणाऱ्याच्या बोटांनाच ठाऊक होते. ती बोटे केरळात शिल्लक होती. बाबू शंकरन या मेस्त्रींच्या हाताखालील कारागिरांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवल्या. मद्रासच्या आय.आय.टी.ने प्रतिकृतीच्या चाचण्या घेतल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ही नौका नौदलात दाखल झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली.

या यशाचा अर्थ केवळ अभिमानाचा नाही. चित्र दीड हजार वर्षे टिकले होते. परंतु शिवणारे हात आणखी एका पिढीने विझले असते, तर ते चित्र कायमचे मुकेच राहिले असते. कोकणाच्या खाड्यांतून आता फायबरच्या होड्या वाढल्या आहेत. त्या स्वस्त व टिकाऊ आहेत, आणि पोटासाठी समुद्रावर जाणाऱ्याने त्या घेतल्या यात त्याचा दोष नाही. पण लाकडी नौकेची मागणी थांबली की बांधणी थांबते, आणि बांधणी थांबली की शिकणे थांबते. दप्तर बंद करून ठेवले तरी शंभर वर्षांनी उघडता येते. हातांचे दप्तर वापरात असेपर्यंतच उघडे असते.